पडण्याची रीत

हेडविग टोर्नाऊ गेल्या, मग लोक आले
रोस्टॉकच्या बंदरावरचं हेरिंगचं गोदाम बघायला.
आता तिथं पितळी पाटी आहे. तारखा बरोबर आहेत.

मी त्या फळ्या पुसायचो.
फटींत मुरलेलं मीठ
कितीही घासलं तरी वर यायचं,
आणि बाई अनवाणी, टाचा चिरलेल्या.
म्हणायच्या, झोंबू दे, वेन्झेल,
खाली जमीन आहे हे कळायला नको?

उडायला शिकवणारे तेव्हा पुष्कळ होते.
या पडायला शिकवत.
आधी घोटा, मग गुडघा, मग कूस,
मग खांदा; डोकं अगदी शेवटी,
झोपलेलं मूल ठेवावं तसं.
पहिल्या प्रयोगाला सातजण.
दोघे हसले. एक उठून गेला,
छत्री विसरून. ती अजून माझ्याकडे आहे.

मी कधी नाचलो नाही. बादली, फडकं, बस.

परवा बेकरीसमोर बर्फात पाय सटकला.
एक्याऐंशी वर्षांचं हे लाकूड
घोटा, गुडघा, कूस, खांदा
कुणी न सांगता उतरत गेलं.
डोकं शेवटी.

पोरगी धावत आली, लागलं का आजोबा?
नाही म्हटलं.
पाव मात्र रस्ताभर गडगडले.
त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.