मघाचा हुक

सोहार बंदर, रात्रपाळी.
खल्फान खोलीत बसून क्रेन चालवतो,
समोर पडदा, हातात दांडी.
पडद्यावर दिसतो तो हुक मघाचा.
आत्ताचा कुठे लोंबतोय
ते फक्त वाऱ्याला ठाऊक.

मी बफर सोलत गेलो.
बारा फ्रेम. पाच. दोन.
चित्राला पुरळ उठलं, कडा विरघळल्या.
"चालेल," म्हणाला, "धूसर चालतं, शिळं नको."

पहाटे तीनला
कंटेनर टेकल्याचा धक्का भिंतीतून आला
आणि पडद्यावर, बरोबर तेव्हाच, धूळ उडाली.
मी आकडा वहीत लिहिला.

तरी खल्फान टेकवण्याआधी
अजून थांबतो, अर्धा श्वास.
सहा वर्षांची सवय.
ती मी आकड्यात धरली नाही.