गमबूट

सेमिनरी हिल्सवर, कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये
कूलरचं पाणी सकाळीच संपलंय.
ट्रेमध्ये फुप्फुस. रबरासारखं, ठिपक्याठिपक्यांचं,
बाहेर काढलं तरी बसत नाही.
शेजारी नऊ पिल्लं, पोटातच सुकलेली.

इंदल समुद्रे दाराशी उभा,
चपला बाहेर काढून.
काढायला कोणी सांगितलं नव्हतं.

"घुसलं कुठून गा थे, म्याडम?
मी जाळी ठोकली, फाटकाले कुलूप घातलं,
चाबी माह्या करगोट्याले."

मी सांगायला लागते.
अर्धे शब्द मलाच शोधावे लागतात.

कुलूप कुणी फोडत नाही, इंदलभाऊ.
ते श्वासाबरोबर येतं.
धुळीच्या एका कणावर हजारो मावतील एवढं बारीक.
उतरत जातं, हवा जिथं रक्ताला भेटते
त्या शेवटच्या खोल्यांपर्यंत.
तिथं एक पेशी असते, राखणीला बसवलेली.
परकं दिसलं की गिळायचं,
एवढंच तिला येतं, आणि ते ती चोख करते.
तिला एक हात असतो. त्याला धड नाव नाही, नंबर आहे,
एकशे त्रेसष्ट.
रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, सांडतात,
ते सांडलेलं उचलायचं, हे त्याचं रोजचं काम.

"म्हंजे झाडूवालाच की थो."
तो हसत नाही.
एकतीस वर्षं गांधीबाग झोन, पहाटेची हजेरी.

हो, मी म्हणते. आणि मग जरा वेळ
मला पुढचं आठवत नाही.

हां. तर पेशी त्याला आत घेते. बळजबरी नाही कसली.
तिची कातडी आत वळते, खिशासारखी,
खिशाचं तोंड मिटतं, खिसा सुटतो,
आत तरंगत जातो.
मग ती त्यात आंबट सोडते,
फार नाही, ताकाहूनही कमी,
आलेल्याला विरघळवावं म्हणून.
आणि नेमकं तेवढंच आंबट त्याला हवं असतं.
तिथं एकशे त्रेसष्ट नंबरचा हात
त्याचा अंगरखा उसवायला मदत करतो.
आतून एक धागा निघतो. नुसता धागा.
पेशीला वाचता येतं म्हणून ती वाचते.
त्यावर लिहिलेलं असतं, मला लिही.

ती लिहीत बसते
फुटेपर्यंत.

बाहेर मोर ओरडतो, भर दुपारी, शेचाळीस डिग्रीत.

"मंग पहिले झाडूवालाच मरते तर,"
तो फुप्फुसाकडे पाहत म्हणतो.
"पन आणलं कोनं? महिनाभर कोनी आलंच नाई माह्याकडे.
तुमी आलते, सुया द्याले, तेवढंच."

तेवढंच.

त्या दिवशी मी सकाळी कामठीला होते.
मोठं फार्म, तीन खोल्यांत खोकला.
बूट नळाखाली धुतले. औषधाच्या बादलीत बुडवले नाहीत,
बादली कोरडी होती,
पावडरचा इंडेंट मार्चपासून टेबलावर.
तिथून थेट उप्पलवाडी.
यानं करगोट्याची चाबी सोडून फाटक उघडलं,
मला उभं राहायला पोतं अंथरलं,
डुकरिणीला म्हणाला, "डाक्टरीन आली वं राणी, भिऊ नोको,"
आणि मी आत गेले.

फॉर्मवर एक रकाना आहे, रोग कसा शिरला.
पेनचं टोपण उघडून मी बसलेय.

इंदल जायला निघतो. दाराशी वाकतो,
माझे गमबूट उचलतो, तळव्याच्या खाचेत
कुठली तरी माती वाळून बसलेली,
आणि सावलीत नेऊन ठेवतो, दोन्ही सरळ, जवळजवळ.
"उन्हानं रबर तडकते, म्याडम."