नाव घातलेली भांडी

महाद्वार रोडला, पारीसअण्णांच्या दुकानाच्या पायरीवर
माझं स्टूल, माझं मशीन, माझी लांब वायर.
तेवीस वर्षं लोकांच्या भांड्यांवर नावं घालतोय.
अक्षराला दोन रुपये. काना-मात्रा फुकट.

दुपारी अडीचला, गिऱ्हाईक नसताना
ती आली, बारदानाचं पोतं घेऊन.
वडणग्याची असावी, गंगावेशीत उतरून चालत आलेली.
पोतं काउंटरवर टेकलं तेव्हा आतून
नव्या भांड्यांचं वाजणं ऐकू आलं.
जुनी असं वाजत नाहीत,
पोचे पडून त्यांच्या आवाजाला शिस्त लागलेली असते.

‘परत द्यायचीत.’
अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘पावती?’
‘पावती पावण्यांकडं ऱ्हायली.’
‘मग पावण्यांकडनं आणा की.’
ती गप्प.
अण्णांच्या वतीनं भिंतीवरचा बोर्ड बोलला:
एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.
तिनं तो सावकाश वाचला,
‘कोणत्याही’वर जरा थांबून.

‘आणि आमच्याच दुकानातली कशावरनं?’
तिनं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं.
मग मला उठावंच लागलं.

घागर फिरवून उजेडात धरली.
सौ. प्रणोती रणधीर साळोखे.
साळोखेतला ळ, उजव्या कानाला लांब.
माझी सुई त्या वळणावर उडते,
दोनदा दुरुस्त केली, तरी उडते.
कोल्हापुरात एवढ्या कानाचा ळ दुसऱ्या कुणाचा नाही.
‘अण्णा, अक्षर माझंच हाय.’

अण्णांना तर बरंच सापडलं:
‘दस्तगीर म्हणतोय म्हणजे माल आमचाच.
पण मग नाव घातलंय की हो त्यावर.
दुसऱ्याच्या नावाचं भांडं कोण घेणार?’
म्हणजे माझं अक्षर पावती झालं
आणि त्याच दमात रद्दही झालं.

नावाखाली तारीख होती, बारीक.
येत्या रविवारची.
अण्णांचं बोट तिथं पोचलं आणि राहिलं.
पावती हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.
पंखा लावला. पोराला चहा सांगितला.

‘पुसता येत न्हाई का हे?’ तिनं मला विचारलं.
घासता येतं, अक्का,
पण घासलेलं नाव लोक जास्त वाचतात.
ताट तिरकं धरून विचारतात, इथं काय होतं?
इथं तर कुणीच नव्हतं.
सौ. प्रणोती रणधीर साळोखे नावाची बाई
पंचगंगेच्या अल्याड नाही, पल्याड नाही.
पाच ताटं, दोन डबे, एक तांब्याची घागर,
एवढाच तिचा संसार,
तो मी अर्ध्या तासात मांडला होता
मान वर न करता.

अण्णांनी काटा पुढं ओढला.
‘परत घेता येत नाही, बोर्ड आहे.
मोडीत घेतो.’
शब्द सुटला आणि अण्णा माझ्याकडे बघू लागले,
मी मशीनकडे.
ती मात्र पदरानं तोंड पुसत चक्क हसली,
‘घ्या की. मोडलंयच न्हवं.’

भाव मोडीचा नव्हता, नव्याचाही नव्हता,
काहीतरी मधला. हिशेब तोंडीच झाला.
काट्यावर चढण्याआधी एक ताट तिनं मागं ओढलं,
माझ्यापुढं धरलं.
‘ह्यावर नुसतं प्रणोती ठेवा.
पोरगी घरातच हाय. जेवायला ताट लागतंयच की.’

मागच्या-पुढच्या शब्दांवरनं मी वेल नेली, तारखेवरनंही,
पानं, पानं, एक कळी उगाच.
ळचा कान देठात मुरून गेला.
पैसे घेतले नाहीत. वेलीचा दर ठरलेला नाही माझ्याकडं.

पायरी उतरताना ती वळली,
‘ह्याची पावती?’
अण्णा हसले नाहीत. पावतीबुक उघडलं,
आजची तारीख टाकली,
नावाच्या रकान्यात पहिलं नाव लिहिलं
आणि पुढची जागा
तशीच मोकळी सोडून फाडून दिली.