साडेचार

डॉक्टर कुवाबारांनी औषधाच्या कागदामागे
एक रेघ काढली. सपाट.
मध्येच एक उंचवटा, पुढे एक खड्डा.
"ध्यानीमनी नसताना मिळालं, की पेशी अशी उसळते.
ठरल्यासारखं मिळालं, तर हूं की चूं नाही.
आणि मिळणार मिळणार म्हणताना हुकलं, तर इथे."
पेन्सिलीचं टोक खड्ड्यात रुतवून म्हणाले,
"या गोळ्यांनी हा खड्डा बुजतो, फुमिए-सान.
हरलेलं त्यांना लागतच नाही."

लागतच नाही.
मला लागत होतं. हिशेबाच्या वहीत
जानेवारीपासून हातचे धरून धरून
माझी बोटं संपली होती.

एकतीस वर्षं इसामु मुरोरानच्या कारखान्यात क्रेनवर.
वितळलेल्या पोलादाची बादली
देवाचं पाणी न्यावं तशी न्यायचा.
मग हात थरथरू लागला,
सुपाचा वाडगा ओठांपर्यंत पोचेना.
गोळ्या सुरू झाल्या. हात थांबला.
आणि थांबलेला तो हात
सकाळी दहाला, दार उघडताच,
पाचिंकोच्या मुठीवर जाऊन बसला.
तिथेही गोळ्याच. पोलादाच्या, वाटाण्याएवढ्या,
खिळ्याखिळ्यांतून खळखळत खाली.

एकदा आणायला गेले. आत एवढा गोंगाट
की माझी हाक मलाच ऐकू आली नाही.
पडद्यावर दोन मासे जुळलेले,
तिसरा सरकत, सरकत,
पुढे गेला.
इसामु हसला. हरला आणि हसला,
जणू कुणी दारात डोकावून
"आलोच हं" म्हणून गेलं.

आता डोस अर्ध्यावर आणलाय.
वाडगा पुन्हा हिंदकळतो, मी टेबल पुसते.
तो म्हणतो, जरा बंदराकडे जाऊन येतो.
कधी खरंच बंदर असतं.
कधी नसतं.

परवा साडेचारलाच फाटक वाजलं.
बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज,
आणि माझ्या छातीत
(डॉक्टर म्हणतील, डोक्यात)
असं काही उसळलं
की हातातला कांदा घरंगळत शेगडीखाली गेला.

काल साडेचारला मी खिडकीशी होते.
साडेपाचलाही.
रेघ खाली गेली, खूप खाली.
मला कुणी गोळ्या लिहून दिलेल्या नाहीत.

आज चारपासूनच उभी आहे.
वाऱ्यानं फाटक
दोनदा हललंय.