शून्य पूर्णांक पंधरा

इंजिन थंड हवं, रात्रभराचं थंड.
कोक्रेनच्या जुलैत ते काही अवघड नाही.
शेडमध्ये तेलाचा मध होतो
आणि पाना उघड्या हाताला चिकटतो.

सीट काढली, टाकी उतरवली.
टाकीखाली मागच्या उन्हाळ्याची धूळ,
एक वाळलेला भुंगा,
आणि माझंच हरवलेलं दहाचं सॉकेट.
मी घरभर शोधत होते,
आणि ते माझ्याबरोबर
तोर्तेलपर्यंत जाऊन आलं होतं.

गाडी एका जर्मन माणसाची.
खडीच्या रस्त्यानं आधी त्याची सबफ्रेम मोडली, मग तो.
दोन बैलांच्या भावात मला विकून बसनं गेला.
सोबत पुस्तिका दिली. जर्मन.
मला त्यातले फक्त आकडे वाचता येतात:
इनटेक शून्य पूर्णांक दहा,
एक्झॉस्ट शून्य पूर्णांक पंधरा.
पंधराच्या पुढे त्यानं पेन्सिलीनं
एक प्रश्नचिन्ह काढलंय.
कशाबद्दल, कोण जाणे.

सबफ्रेम मी पलंगाच्या लोखंडानं सांधली.
इंजिनाखालचं कवच गिरणीतल्या मोठ्या करवतीचं,
एका कडेला अजून दाते आहेत;
चिस्पा त्या बाजूनं जात नाही.
मागच्या रॅकवर लसींचा डबा
दोरीनं, नि दोरीवर विश्वास नाही म्हणून तारेनं.
वसंतात मेंढ्या कुणाची वाट बघत नाहीत.

बाबा आत चुलीपाशी.
रेडिओवर निरोप चाललेत:
'दोन्या ओर्फेलिना कळवतात,
गुरुवारी नदीवर या, दोन घोडे घेऊन.'
घोडा हा शब्द आला की बाबा उठतात,
चुलीत लाकूड सारतात.
चूल आधीच लाल असते.
साइनो गेला त्याला चौथा महिना.

खिडकीतून खूण जुळवली. पिस्टन वर.
फीलरची पट्टी इनटेकमध्ये सरकवली:
सरकली, किंचित अडत,
झोपलेल्याच्या डोक्याखालून
हात काढून घ्यावा तशी.
आता एक्झॉस्ट.
पंधराची जात नाही.
दहाची नाही. पाचाची, सगळ्यात पातळ,
दिव्यासमोर धरली तर थरथरते, तीही नाही.

आणि मी गेला महिनाभर खूश होते
की गाडीची टकटक थांबली!
शेजारच्या एराल्दोला म्हटलंही होतं,
बघ, कशी शहाण्यासारखी चालते.
मिटायला जागा नव्हती तिला,
म्हणून गप्प होती. आतून जळत होती.

नट सैल केला. स्क्रू केसभर मागं.
नट आवळला, तर स्क्रूही त्याच्यासोबत फिरला.
पुन्हा.
शिव्या स्पॅनिशमध्ये, मग बर्फाला.
पाचव्यांदा बसला.
आवळताना बोटांना कळतं कुठं थांबायचं,
त्याच्या पुढं आटे जातात,
आणि आटे गेले की सहाशे किलोमीटरांत
कुणाकडे काही नसतं.

टाकी चढवली, बटण दाबलं.
खोकली, धूर सोडला,
मग टक टक टक टक.

बाबा दारात. हातात मातेचं भांडं.
"आवाज करते."
"करायलाच हवा."
ते ऐकत उभे राहिले, मान तिरकी करून.
घोड्याच्या छातीला कान लावायचे, तशीच.
मग आत गेले. मला वाटलं, लाकूड घालायला.

आले ते साइनोची झूल-पिशवी घेऊन.
कातड्याच्या दोन कप्प्यांची,
घामाचा नि गवताचा वास अजून तसाच.
रॅकवरून आडवी टाकून पाहिली,
सायलेन्सरच्या बाजूला जरा वर घेतली,
खिशातून टोच्या काढला
आणि पट्ट्याला नवी भोकं पाडू लागले.
तीन पाडली. चौथं पाडून म्हणाले,
"दोरीचं काही खरं नसतं."

सकाळी पुलापर्यंत चक्कर मारली, नुसतं तपासायला.
चिस्पा या गाडीवर कायम भुंकायचा.
आज भुंकला नाही.
डाव्या बाजूनं, मागच्या चाकाशी नाक लावून,
पुलापर्यंत
धावत आला.