सोड म्हणजे दोन टिचक्या

तांबट लेनमध्ये आता ठोके ऐकू येत नाहीत,
आणि आले असते तरी नानांना आले नसते.
चाळीस वर्षं हंड्याच्या पोटात डोकं घालून ठोकलं त्यांनी,
कान तिथेच राहिले.

आता हंडे नाहीत. लेथ आहे, हप्त्यावर घेतलेला,
आणि बाकावर, कालच्या पेपरावर,
देवळालीच्या फिरोझ गोटलांच्या मॉरिस मायनरचा
मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर.
चौपन्न सालचा. बिडाचा. मुठीएवढा.
एकोणीस वर्षं गाडी शेडमध्ये उभी,
ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहिलं
आणि अबोला धरलेल्या घरात होतं तसं
गंज आतून चढला.

नाना करंगळी आत घालतात, डोळे मिटतात.
नखाला खड्डा लागतो तिथे थांबतात.
इथे. अन् इथे.
नुसतं घासून जायचं नाही हे.

मी सातपूरला, ब्रेकच्याच कंपनीत, तपासणीवर.
एका पाळीत अकराशे सिलिंडर हाताखालून जातात,
गेजचा दिवा हिरवा, नाहीतर लाल,
लालवाला पिंपात.
साहेबांना एकदा विचारलं, हे दुरुस्त होत नाहीत का?
ते म्हणाले, होतात की. पण नवा स्वस्त पडतो.
आणि पिंपात पुढचा पडला,
भरल्या घागरीसारखा, खणखणला नाही.

नानांनी भोक मोठं केलं, पितळेचा दांडा कातला.
कंपनीत आम्ही स्लीव्ह म्हणतो, नाना अस्तर म्हणतात.
भोकापेक्षा केसभर जाड ठेवलं.
मग ते बसणार कसं?
अस्तर रात्रभर रघुनाथ कुल्फीवाल्याच्या फ्रीजरात,
मलई आणि सीताफळाच्या मधे,
सिलिंडर सकाळी स्टोव्हवर, पोळीच्या तव्यावर
(आईला हे माहीत आहे. आई बोलत नाही.)
थंडीने एक आकसलं, धगीने एक सैलावलं,
आणि ठोकण्यात जन्म गेलेल्या माणसाने
एकही ठोका न घालता
पितळ बिडाच्या कुशीत सोडून दिलं.

ते झोपल्यावर मी बोअर गेज लावला,
कंपनीतून आणलेला, कसा ते विचारू नका.
पाऊण इंच.
काटा थोडा हलला.
चालण्यासारखा होता फरक. सांगितला नाही.

मग नवे रबर, नवी स्प्रिंग, आणि पाइपातली हवा काढणं.
इतर गॅरेजांत ओरडतात: दाब! धर! सोड!
आमच्याकडे नाना ओरडले तर गल्लीच्या खिडक्या उघडतात,
आणि मी ओरडले तर काहीच होत नाही.
म्हणून पत्र्यावर टिचकी.
एक म्हणजे दाब. दोन म्हणजे सोड.
धरलाय, हे मात्र मी कसं सांगू?

पहिल्यांदा पेडल भिजल्या पोह्यासारखं,
थेट तळाला. दिवासुद्धा लागला नाही.
बाटलीत बुडबुडे. पुन्हा. बुडबुडे.
कितव्यांदा कोण जाणे, पायाखाली
काहीतरी उभं राहिलं,
पायाच्या वजनाला उत्तर देणारं.
आरशात पाहिलं तर नानांनी
मागच्या दिव्यासमोर तळहात धरलेला,
आणि तो लाल झालेला.
ऐकलं त्यांनी.

संध्याकाळी तपोवनाकडच्या उतारावर
गोटला चालवत होते, नाना शेजारी, मी मागे.
मधेच एक शेळी. गोटलांनी दाबला.
गाडी थांबली, नाक वाकडं न करता.
"सीधी थांबली, डीकरा! जरा पण नाय खेचली!"
नानांपर्यंत ते पोचलं नाही.
ते खाली वाकून बघत होते
स्वतःच्या उजव्या पायाकडे,
जिथे पेडल नव्हतं तिथे
चप्पल फरशीत रुतवून बसलेल्या.

एवढंच राहिलं.
हवा काढताना माझ्या हातून ऑइल सांडलं,
मागच्या मडगार्डवर, आतल्या बाजूला,
आणि चौपन्न सालचा फिकट हिरवा रंग
रुपयाएवढा उठून आला.
गोटलांना अजून सांगितलेलं नाही.
नानांनी पाहिलं.
त्यावर दोन टिचक्या मारल्या.