टप्पा तिसरा

सोहारच्या बाहेर, खजुरीच्या बागा संपतात तिथे
भाड्याचं घर मिळालं. जुनं, म्हणून स्वस्त.
आणि भोवती अंगण एवढं
की हेरंब म्हणाला, इथे क्रिकेट होईल.
मी म्हटलं, आधी सावली होऊ दे.

वीजबिलाच्या पाठीवर आराखडा काढला.
टप्पा पहिला : वारा.
दुसरा : माती.
तिसरा : उरलेलं सगळं,
म्हणजे पायवाट, बाक, थोडी हिरवळ
आणि एक कारंजं. ते हेरंबने खोडलं,
मी पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.
महिन्याला पंधरा रियाल. वर एक बैसा नाही.

पहिलं वर्ष वाऱ्याशी भांडण्यात गेलं.
उन्हाळ्यात वाळवंटाकडून गरबी येते,
भट्टीचं दार कुणी लावायला विसरल्यासारखी.
पश्चिमेच्या भिंतीशी बोरं लावली.
घरमालक अबू याकूब गाडीतून न उतरताच म्हणाला,
सिद्र! शहाणी आहेस.
हिरवळ लावलीस तर मात्र
टँकरवाल्याशीच निकाह करावा लागेल.
हेरंब जरा जास्तच हसला.

विहिरीचं पाणी मचूळ.
जिभेला लावून पाहिलं,
अश्रूंपेक्षा थोडं कमी.
सातातली तीन बोरं त्यावर जगली.

माती इथे विकत मिळते.
गोड माती म्हणतात तिला,
म्हणजे फक्त, खारी नाही.
एका पिकअपची गोडी नऊ रियाल,
बकऱ्यांच्या लेंड्यांची पोती वेगळी.
साइटवरच्या उरलेल्या फरशा हेरंब मागून आणायचा,
डिकीत, चार-चार,
एकीचा रंग दुसरीला ओळखत नसलेल्या.

मधेच व्हिसाचं नूतनीकरण आलं.
अंगणाला दोन महिने शून्य.
शिक्का दोन वर्षांचा,
बोर अंगात यायला लागणार सहा-सात.
हा हिशोब आम्ही कुठल्याच बिलामागे मांडला नाही.

मग धूळ बसावी म्हणून
वादीतली खडी पसरली, मार्चमध्ये शमशुलला बोलावलं,
फाटकापासून ओट्यापर्यंत सरळ पायवाट,
अर्ध्या दिवसाचं काम.
त्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली,
आणि मधोमध उकिडवा बसला तो उठेचना.
दीदी, म्हणाला, डिम.

चार अंडी. खडीच्याच रंगाची, खडीत.
घरटं म्हणावं तर नुसता खळगा,
कुणी टाच रुतवून गेल्यासारखा.
आणि टिटवी आमच्या डोक्यावरून
शिव्यांची फेरी मारत होती.

आमच्याकडे टिटवी ओरडली
की माणसं दारं लावून घेतात.
मी रात्रभर खिडकी उघडी ठेवली.
ऐकत राहिले,
तिचं अंगण, तिचा टप्पा पहिला.

शमशुलने दोरी सोडून वळवून बांधली,
मजुरी अर्ध्याच दिवसाची घेतली.
एप्रिलच्या सुरुवातीला काड्यांच्या पायांवर
कापसाचे चार पुंजके खडीवरून धावले,
दुसऱ्या दिवशी तीन,
मग एकही नाही.

वाट वाकडीच राहिली.
अबू याकूबने विचारलं तर सांगितलं, डिझाइन आहे.
त्याने मान डोलावली.
आत येताना तोही वळसा घालून आला,
तिथे आता काही नाही तरी.

हेरंबने वहीत नोंद केली :
वळणामुळे जादा फरशा, एकवीस.
मिळाल्या, सोळा.